‘लीलावतीच्या कन्या’ आणि परवानगीची परंपरा : स्त्री-वैज्ञानिकांच्या प्रेरणाचरित्रांचे एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा केला जातो. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधाचा हा दिवस आहे. २०२० साली या दिनासाठी ‘विज्ञानातील स्त्रिया’ हा विषय निवडण्यात आला होता. अशा प्रसंगी होणाऱ्या भाषणांत आणि लावल्या जाणाऱ्या भित्तिपत्रकांवर कमला सोहोनी यांचे नाव हमखास असते. ज्या रामन यांच्या गौरवार्थ हा दिवस पाळला जातो, त्यांनीच १९३३ साली कमलाबाईंना बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला होता, ही हकिगत वक्ते सांगतात. पण ती कमलाबाईंच्या जिद्दीचा दाखला म्हणून. एका थोर संस्थेच्या बंद दाराचा पुरावा म्हणून ती क्वचितच वाचली जाते.

मुलींना विज्ञान व अभियांत्रिकीकडे वळविण्यासाठी आपण जे साहित्य वापरतो, त्याच्या वाचनातील हा दोष प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेला, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने २००८ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेला ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ आधारभूत मानला आहे. ही चरित्रे मुलींना प्रेरणा देतात, याविषयी वाद नाही. प्रश्न असा आहे की, प्रेरणा देत असताना ती नकळत कोणाला जबाबदारीतून मुक्त करतात?

ग्रंथाचे स्वरूप आणि त्याचे मोल

व्हिक्टोरियन काळापासून आजपर्यंतच्या सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची ओळख या ग्रंथात आहे. दिवंगत स्त्रियांविषयी इतरांनी लिहिले आहे. हयात असलेल्यांनी बहुतांशी स्वतःच लिहिले आहे. विज्ञानाकडे आपण कशा ओढल्या गेलो आणि तेथे कशा टिकलो, या प्रश्नांभोवती ही छोटेखानी कथने गुंफलेली आहेत. आनंदीबाई जोशी, जानकी अम्मल, कमला सोहोनी, असीमा चटर्जी, अॅना मणी अशी नावे एका मुखपृष्ठाखाली येणे हीच एक घटना होती. आपल्याकडील विज्ञानाचा इतिहास प्रामुख्याने पुरुषांच्या नावांनी सांगितला गेला आहे. त्या इतिहासातील वगळलेली पाने संपादकांनी परिश्रमपूर्वक पुढे आणली, याचे श्रेय त्यांना निःसंशय दिले पाहिजे. यातील निवडक कथनांवर आधारलेले ‘द गर्ल्स गाइड टु अ लाइफ इन सायन्स’ हे पुस्तक पुढे २०११ मध्ये खास शाळकरी व महाविद्यालयीन मुलींसाठी आले. म्हणजे प्रारंभी दस्तऐवज असलेल्या मजकुराला दुसऱ्या टप्प्यावर स्पष्टपणे प्रोत्साहनाचे साधन बनविण्यात आले.

ग्रंथाचे खरे मोल त्यातील प्रथमपुरुषी आवाजात आहे. मानपत्रात न बसणारे तपशील येथे येतात. मूल लहान असताना अर्धवट राहिलेला प्रयोग, पतीच्या बदलीमुळे सोडावी लागलेली प्रयोगशाळा, मुलाखतीत विचारला गेलेला लग्नाविषयीचा प्रश्न अशा गोष्टी सहजपणे, बऱ्याचदा विनोदाच्या अंगाने सांगितल्या आहेत. परंतु कथने थोडक्यात आटोपतात. अडथळ्याचा उल्लेख एका वाक्यात होतो आणि पुढच्या वाक्यात तो ओलांडलेला असतो. मधला काळ, मधला क्षोभ आणि मुख्य म्हणजे अडथळा उभा करणारी व्यवस्था वाचकाच्या नजरेतून निसटते. ही संपादकांची चूक म्हणण्यापेक्षा प्रेरणाचरित्र या वाङ्मयप्रकाराची मर्यादा म्हणणे अधिक न्याय्य होईल.

शीर्षकातील लीलावती

ग्रंथाच्या शीर्षकाचाच प्रथम विचार करू. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीचा ‘लीलावती’ हा अंकगणितविषयक भाग. लीलावती ही त्यांची कन्या होती, अशी आख्यायिका आहे. तिचा विवाह एका विशिष्ट मुहूर्तावर झाला तरच तो शुभ ठरणार होता. मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यावर ठेवले होते. कुतूहलाने ते पाहण्यास वाकलेल्या लीलावतीच्या अलंकारातील एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. तेव्हा पित्याने तिचे सांत्वन केले, की तुझ्या नावाचा ग्रंथ मी लिहीन आणि तो चिरकाल टिकेल.

ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती आढळते ती अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फार्सी भाषांतरात, म्हणजे मूळ रचनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ग्रंथातील उदाहरणांत ‘बाला’, ‘सखा’, ‘प्रिया’ अशी विविध संबोधने येतात. त्यावरून ती कन्या होती असे निश्चयाने म्हणता येत नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. १२०७ चा प्रसिद्ध शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. विद्येची परंपरा सांगणाऱ्या या लेखातील वंशावळ पुरुषांची आहे.

लीलावतीची आख्यायिका खरी की कल्पित, हा येथे मुद्दा नाही. तिची रचना महत्त्वाची आहे. या कथेत मुलीचे कुतूहल हेच अनर्थाचे कारण ठरते. ती वाकून यंत्राकडे पाहते आणि तिचे लग्न मोडते. गणित तिच्याकडे येते ते हुकलेल्या संसाराची भरपाई म्हणून, आणि तेही पित्याच्या देणगीच्या रूपाने. तिने स्वतः एखादे गणित सोडविले की नाही, हे कथा सांगत नाही. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांना ‘लीलावतीच्या कन्या’ म्हणताना संपादकांचा हेतू एका आपुलकीच्या नावाखाली त्यांना एकत्र आणण्याचा होता, हे उघड आहे. तथापि ज्ञान की संसार हा पर्याय आणि ज्ञान हे कोणा पुरुषाने दिलेले दान, या दोन्ही समजुती त्या नावाबरोबर आत येतात. ग्रंथातील कितीतरी कथने या समजुतींना छेद देतात. शीर्षक मात्र त्यांना पुन्हा उभे करते.

परवानगीची कथनरीती

या दृष्टीने ग्रंथाचे वाचन केले असता एक समान कथनसूत्र हाती लागते. त्याला प्रस्तुत लेखात ‘परवानगीची परंपरा’ असे म्हटले आहे. मुलगी हुशार असते. दार बंद असते. कोणी एक अधिकारी पुरुष ते किंचित उघडतो. ती आत जाऊन स्वतःला सिद्ध करते. आणि तिच्या सिद्धतेमुळे दार उघडणे योग्य होते असे ठरते.

मराठी वाचकाला हे सूत्र अपरिचित नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे जीवन मराठी मनात रुजले ते श्री. ज. जोशी यांच्या १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे. शीर्षकातील दोन नावांपैकी दुसरे पतीचे आहे. गोपाळरावांच्या हट्टाचे नाट्य एवढे प्रभावी ठरले, की आनंदीबाईंची स्वतःची ज्ञानलालसा वाचकाच्या स्मरणात दुय्यम झाली.

कमलाबाईंची कथा या सूत्राची सर्वांत स्पष्ट आवृत्ती आहे. १९११ मध्ये जन्मलेल्या कमला भागवत यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली होती. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व बंगलोरच्याच संस्थेचे विद्यार्थी. तरीही प्रवेश नाकारला गेला. त्यांनी नकाराचे कारण विचारीत संचालकांच्या कार्यालयाकडे ठाण मांडले, तेव्हा प्रवेश मिळाला. परंतु चरित्रकारांनी नोंदविल्याप्रमाणे तो सशर्त होता. पहिले वर्ष परीक्षाधीन राहील, संचालकांचे समाधान झाल्याखेरीज काम मान्य होणार नाही आणि पुरुष सहाध्यायांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा त्या अटी. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली, वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’विषयीचे त्यांचे संशोधन प्रसिद्धच आहे. स्वदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि अखेर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचे संशोधन सामान्य माणसाच्या आहाराशी थेट जोडलेले होते.

वक्ते कथा येथे संपवितात. परंतु त्या अटी पुन्हा वाचल्या पाहिजेत. कोणत्याही पुरुष विद्यार्थ्याला, तो कितीही सामान्य असला तरी, आपल्या लिंगाची लायकी वर्षभर सिद्ध करावी लागली नव्हती. कमलाबाई नापास झाल्या असत्या तर एक विद्यार्थी नापास झाला असे न म्हणता ‘स्त्रिया’ नापास झाल्या असे म्हटले गेले असते. शिवाय कमलाबाईंच्या यशानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, हे आपण समाधानाने सांगतो, तेव्हा एका प्रश्नाला बगल देतो. १९३३ च्या आधी ज्यांनी अर्जच केला नाही, किंवा नकाराचे पत्र घडी घालून पेटीत ठेवले, त्या मुलींचे काय झाले? त्यांच्या घरी रसायनशास्त्रज्ञ वडील नव्हते, मुंबईहून बंगलोरला जाऊन संचालकांसमोर उभे राहण्याचे बळ नव्हते. प्रेरणाचरित्र यशस्वी स्त्रीचेच असते. त्यामुळे दारातून परतलेल्यांची संख्या त्यात कधीच दिसत नाही.

अभियांत्रिकीची बाजू

अभियांत्रिकीच्या क्षेत्रातही हेच सूत्र आढळते. अय्यलसोमयाजुला ललिता यांना १९४० साली मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश मिळाला. अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पदरी तान्ही मुलगी असलेल्या या तरुणीचे वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांशी बोलून मार्ग काढला. एका मुलीसाठी दार उघडताच पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या आणखी दोघी आत आल्या. त्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मुख्य अभियंता झाल्या. ललिता यांच्या पदवीपत्राची हकिगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. छापील मसुद्यात पुल्लिंगी सर्वनाम होते; ते हाताने खोडून स्त्रीलिंगी लिहावे लागले. संस्थेच्या कागदाने स्त्री-अभियंत्याची कल्पनाच केलेली नव्हती, याहून नेमका पुरावा कोणता हवा?

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी सूचना होती. सुधा मूर्ती यांनी त्याविषयी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठविले आणि पुण्याच्या कारखान्यात त्यांची निवड झाली, ही हकिगत त्यांनी स्वतः लिहिली आहे आणि ती शालेय वयातील मुलींना वारंवार सांगितली जाते. तिच्यातील धिटाई अनुकरणीय आहे. मात्र तिचा संस्थात्मक अर्थ असा, की जाहिरातीतील एक अन्याय्य ओळ दूर होण्यासाठी पत्र थेट उद्योगसमूहाच्या प्रमुखापर्यंत पोचावे लागले. हा नियमाचा विजय नव्हता. उदार व्यक्तीच्या दृष्टीस पडल्याचा तो विजय होता. उदारतेवर कारकीर्द उभारता येत नाही. ती उभारण्यासाठी नियम लागतात.

मौनाचे वाचन

येथे एक आक्षेप संभवतो. ‘आम्हाला कोणताही भेदभाव जाणवला नाही,’ असे अनेक कर्तबगार स्त्रिया स्वतःच सांगतात. मग त्यांच्या आयुष्यातून आपण बळेच तक्रार का काढावी? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर अॅना मणी यांच्या उदाहरणातून मिळते.

अॅना मणी १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरा व माणिक यांच्या वर्णपटांवर त्यांनी कसून काम केले, शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि प्रबंध सादर केला. परंतु त्यांच्यापाशी एम.एस्सी. पदवी नाही, या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. १९४८ पासून त्यांनी पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणविभागात काम केले. पर्जन्यमापकापासून सौरप्रारणमापकापर्यंत अनेक उपकरणे देशातच प्रमाणित स्वरूपात तयार होऊ लागली, यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. आभा सूर यांनी ‘डिस्पर्स्ड रेडियन्स’ (२०११) या ग्रंथात रामन यांच्या प्रयोगशाळेतील स्त्रियांविषयी विस्ताराने लिहिले आहे. तेथील स्त्री-पुरुषांमधील सक्तीचे अंतर, विज्ञानचर्चेतून स्त्रियांचे आपोआप वगळले जाणे यांची नोंद त्या करतात. अॅना मणींना मात्र आपण स्त्री असल्याने काही बिघडले असे मानणेच मान्य नव्हते. सूर यांनी हे मौन खोटे ठरविले नाही आणि त्यावर विश्वास ठेवून त्या थांबल्याही नाहीत. त्यांनी व्यक्तीचे म्हणणे आणि तिच्या आयुष्यातील घटना शेजारी शेजारी ठेवल्या.

‘लीलावतीज डॉटर्स’ वाचण्याची हीच योग्य पद्धत होय. त्यातील अनेक लेखिका वडील, पती, सासू आणि मार्गदर्शक यांचे ऋण कृतज्ञतेने मान्य करतात. ही कृतज्ञता खरी आहे. पण सासू मूल सांभाळण्यास तयार होती ‘म्हणून’ संशोधन करता आले, या वाक्यातील ‘म्हणून’ हा शब्द पाळणाघर नसलेल्या संस्थेविषयी बोलतो. पती उदार होता ‘म्हणून’ परदेशी जाता आले, हे वाक्य पुरुष-वैज्ञानिकाच्या आत्मकथनात पत्नीविषयी का येत नाही? कृतज्ञतेच्या वाक्यांखाली संस्थांची अनुपस्थिती दडलेली आहे. ती वाचणे हे समीक्षकाचे काम आहे.

याच वाचनात आणखी एक गोष्ट दिसते. ग्रंथातील बऱ्याच कथनांत ग्रंथांनी भरलेले घर, इंग्रजी शिक्षण आणि नोकरदार वडील यांची पार्श्वभूमी आहे. जात आणि वर्ग यांनी दिलेला आधार बहुधा अनुल्लेखित राहतो. ज्या मुलीच्या घरात पदवीपर्यंत पोचणारी तीच पहिली आहे, जिला तालुक्याच्या गावी एस.टी.ने यावे लागते आणि शेवटच्या गाडीच्या वेळेमुळे प्रात्यक्षिक अर्धवट सोडावे लागते, तिला या चरित्रांत आपला चेहरा सापडेलच असे नाही. ‘त्या करू शकल्या, मग तू का नाही?’ हा प्रश्न तिला धीर देण्याऐवजी दोषी ठरवू शकतो.

‘प्रोत्साहन’ या शब्दाची मर्यादा

‘प्रोत्साहन’ या शब्दातच एक गृहीतक आहे. ज्याच्यापाशी उत्साह कमी, त्याला प्रोत्साहन द्यावयाचे. मुलींचा विज्ञानाविषयीचा उत्साह खरोखरच कमी आहे काय? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. म्हणजे विज्ञानाच्या वर्गात मुली बहुसंख्य आहेत. अभियांत्रिकीत चित्र वेगळे असून तेथे मुलींचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी आहे. परंतु विज्ञानाच्या वर्गातील बहुसंख्या प्रयोगशाळांच्या प्रमुखपदांपर्यंत पोचत नाही, हे वास्तव प्रोत्साहनाच्या अभावाने स्पष्ट होत नाही.

इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि बंगलोरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी २०१० मध्ये एक संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला. अनिता कुरूप व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर रोहिणी गोडबोले याही त्याच्या लेखिका होत्या. प्रशिक्षित स्त्री-वैज्ञानिकांना आपण किती आणि का गमावतो, हा त्याचा प्रश्न होता. स्त्रिया संसारामुळे विज्ञान सोडतात, या रूढ समजुतीला या अहवालाने धक्का दिला, पीएच.डी. होऊनही संशोधनाबाहेर राहिलेल्या स्त्रियांनी घरगुती कारणांपेक्षा योग्य नोकरी न मिळण्याचे कारण अधिक सांगितले. ‘लीलावतीज डॉटर्स’नंतर अवघ्या दोन वर्षांत त्याच ग्रंथाच्या संपादिकेने चरित्रांकडून संस्थांच्या तपासणीकडे वळावे, हे सूचक आहे. २०२४ मध्ये निधन होईपर्यंत त्या याच दिशेने लिहीत-बोलत राहिल्या. पण आपल्या महाविद्यालयांत त्यांचा पहिला ग्रंथ पोचला. दुसरा अहवाल फारसा पोचला नाही. चरित्र आपल्याला टाळ्या वाजविण्यास सांगते, अहवाल जाब विचारतो. आपण सोपे ते स्वीकारले.

नियम बदलल्याने काय होते, याचा पुरावाही आता उपलब्ध आहे. आय.आय.टी.मधील पदवी अभ्यासक्रमांत मुलींचे प्रमाण २०१८ पूर्वी आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होते. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. लक्ष्य त्या वर्षी १४ टक्के, २०१९ मध्ये १७ टक्के आणि २०२० मध्ये २० टक्के असे ठेवण्यात आले. प्रवेशातील प्रमाण त्यानुसार वाढले. या दोन-तीन वर्षांत देशातील मुलींची गणिताची गोडी एकाएकी दुप्पट झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो नियम. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. पुण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. या प्रत्येक निर्णयाने जेवढ्या मुली आत आणल्या असतील, तेवढ्या शंभर व्याख्यानांनी आणल्या नसतील.

महाविद्यालयापुढील काम

यावर कोणी म्हणेल, की नियम करणे शासनाच्या हाती. महाविद्यालयाने काय करावे? याचे उत्तर स्त्री-वैज्ञानिकांनीच पूर्वी दिलेले आहे. १९७३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने केवळ सत्कार व व्याख्याने यांवर समाधान मानले नाही. वाशी येथे तिने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर उभारले. विज्ञानात स्त्री टिकावी यासाठी आधी काय लागते, हे अनुभवाने जाणणाऱ्या स्त्रियांचा तो निर्णय होता. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागानेही २०१९-२० मध्ये नववी ते बारावीच्या मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’ आणली आणि २०२० मध्ये संस्थांनी लिंगभावाच्या दृष्टीने स्वतःचे मूल्यमापन करावे यासाठी ‘गती’ हा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे पहिल्या प्रकारच्या योजनेचे स्वागत होते, कारण तिच्यात तपासली जाते ती मुलगी. दुसऱ्या प्रकारात तपासले जातो ते आपण.

महाविद्यालयाच्या पातळीवर ही तपासणी अवघड नाही. बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्या मुलींपैकी एम.एस्सी.ला किती गेल्या, न गेलेल्यांनी कोणते कारण दिले, याची नोंद प्रत्येक विभाग ठेवू शकतो. प्रात्यक्षिकांच्या वेळा गाड्यांच्या वेळांशी जुळविता येतात. प्रकल्पगटात यंत्र हाताळणे मुलांकडे आणि वही लिहिणे मुलींकडे, ही वाटणी अध्यापकाने एकदा निश्चयाने मोडली तर मोडते. शिफारसपत्रात मुलीसाठी ‘कष्टाळू’ आणि मुलासाठी ‘प्रज्ञावान’ ही विशेषणे आपल्या लेखणीतून उतरतात का, हे ज्याचे त्याला पाहता येईल. अध्यापिकांच्या निवडसमितीत लग्न आणि अपत्य यांविषयी प्रश्न विचारला जाणार नाही, असा लेखी दंडक घालता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये संशोधक स्त्रियांना पीएच.डी.साठी दोन वर्षे अधिक मुदत आणि एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा यांची तरतूद केली, २०२२ च्या विनियमांतही ती कायम ठेवली. आपल्या संशोधन केंद्रातील विद्यार्थिनींना ही तरतूद आपण सांगितली आहे काय?

चरित्रांचे वाचन थांबवावे, असा याचा अर्थ नाही. ती वर्गात अवश्य वाचावीत. मात्र प्रश्न बदलावेत. ‘या स्त्रीचे कोणते गुण तुम्हाला भावले?’ याऐवजी तिला कोणी अडविले, कोणत्या अधिकाराने अडविले, दार कशाने उघडले, तिच्यानंतर ते उघडे राहिले की पुन्हा लागले, असे विचारावे. हे प्रश्न मुलींइतकेच मुलांनाही विचारावेत. कारण उद्याच्या निवडसमितीत तेही बसणार आहेत.

निष्कर्ष

‘लीलावतीज डॉटर्स’ हा भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील एक आवश्यक दस्तऐवज आहे. त्याचे शीर्षक आणि प्रेरणाचरित्राचा साचा त्याला कर्तबगार स्त्रियांच्या गौरवग्रंथाकडे ओढतात. त्यातील साक्षी मात्र संस्थांविषयीच्या आरोपपत्राकडे निर्देश करतात. समीक्षकाने आणि अध्यापकाने दुसऱ्या दिशेला अधिक महत्त्व दिले पाहिजे. आनंदीबाईंपासून अॅना मणींपर्यंत कोणत्याही स्त्रीच्या कथेत विज्ञानाची ओढ कमी पडलेली दिसत नाही. कमी पडले ते प्रवेश, पदवी, नोकरी आणि मान्यता देणाऱ्यांचे औदार्य. आणि मुळात या गोष्टी औदार्यावर अवलंबून असणे हाच दोष होता.

विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात यापुढेही कमलाबाईंची कथा सांगितली जाईल आणि ती सांगितलीच पाहिजे. पण सांगताना त्या तीन अटीही वाचून दाखवाव्यात आणि त्यानंतर आपल्या महाविद्यालयात अशा कोणत्या अलिखित अटी आजही आहेत, याची यादी विभागांनी करावी. ती यादी प्राचार्यांच्या टेबलावर पोचली, तर तो कार्यक्रम मुलींसाठी झाला असे म्हणता येईल.